हत्तुरे सरांची केबल

"वायर धरून वढू नका हो सिद्धप्पा, पिनेची मुंडी धरा की!" धनलक्ष्मी रिक्षावाल्यावर ओरडली. "अन् चार्जरला गच्च गुंडाळता व्हय? आतल्या तारा केसासारख्या असत्यात. रोज एकाच जागी वाकवल्या की तुटणारच."

सिद्धप्पा हसत नवी केबल घेऊन गेला. जुळे सोलापुरातल्या तिच्या टपरीवर केबलबरोबर हा धडा फुकट मिळायचा. सैल गुंडाळा, चार्जिंगला लावून लोळत मोबाइल बघू नका, मुळाशी दुमडू देऊ नका. गिऱ्हाईक कुणीही असो, ऐकवल्याशिवाय ती सोडायची नाही.

एक हत्तुरे सर सोडून.

दीड वर्षात तिनं त्यांना सात केबली विकल्या आणि अवाक्षर काढलं नाही. सर तिच्यासमोरच मोबाइलमधून वायर हिसकायचे, चार्जरभोवती करकचून आवळायचे, जुनी तिथंच टाकून जायचे. ती गोड हसून म्हणायची, "या परत." ते यायचेच. त्यात तिला जे सुख मिळायचं ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

दहावीत तिनं चाचणीत भूमितीचं अवघड गणित सोडवलं होतं. सरांनी पेपर वर्गापुढे धरला. "कल्लप्पा हमालाच्या पोरीला हे सुटतं होय? कॉपी आहे." फळ्यावर सोडवून दाखवते म्हणाली, तर खडू दिला नाही, व्हरांड्यात उभं केलं. बापानं ऐकलं, शाळा सोडवली आणि मंद्रूपला लग्न लावून दिलं. तिचं उत्तर बरोबर होतं. मेल्यानं ते एकदा तरी कबूल करावं, एवढीच तिची इच्छा होती.

आज सर तुटकी केबल हातात घेऊन तावातावानं आले. टपरीवर तीन गिऱ्हाइकं उभी होती.

"बाई, बोगस माल विकता तुम्ही. लोकांना फसवता!"

धनलक्ष्मीची कानशिलं तापली. पुन्हा तेच, पुन्हा चारचौघांत. तिनं खणातून त्यांच्या सहा जुन्या केबली काढून फळीवर आपटल्या.

"ह्या सहा, तुमच्या हातात सातवी. कंपन्या निराळ्या. तुटल्यात कुटं बघा. सगळ्या पिनेच्या मुळाशी. माल खोटा न्हाई सर, तुमचा हात खोटा हाय."

गिऱ्हाइकं हसली. सर वरमले. तिला आता थांबवेना.

"वळखलं का? धनलक्ष्मी, कल्लप्पा हमालाची. दहावी ब. भूमितीचं गणित. कॉपी म्हणला होता तुमी."

सरांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. खरंच आठवून बघितलं.

"असेल बाई. किती पोरं आली, गेली. नाही आठवत."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. सत्तावीस वर्षं तिनं हे वैर पोटात सांभाळलं आणि या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. तिला रागानं रडू यायला लागलं.

"मग केबल काढायची कशी?" सर नरमून म्हणाले. "दाखवा ना एकदा."

तिनं त्यांच्या मोबाइलला नवी केबल लावली, काढून दाखवली, परत लावून पुढे सरकवली. सरांनी पिनेची मुंडी धरली आणि सरळ, हलकेच बाहेर काढली. त्यात काडीची चूक नव्हती.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"चूक," धनलक्ष्मी म्हणाली. "परत करा."

सर मान खाली घालून केबल परत लावू लागले.