स्काइद्रीतेचा गायकवृंद

गाउया नदीकाठच्या रानातून ब्लूबेरी वेचून आल्यावर स्काइद्रीतेच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली सापडली. नवऱ्याने, वाल्दिसने, ती चिमट्याने ओढून काढली. पुढे ताप आला, अंग मोडून आलं आणि चार दिवसांत सगळं उतरलंही.

"बघ, उगाच घाबरलीस," वाल्दिस म्हणाला.

ती पुन्हा चर्चमागच्या सभागृहात तालमीला जाऊ लागली. समोर उभं राहून, खुणा करत गावच्या गायकवृंदाला तालावर धरून ठेवणारे हात तिचेच. पण आठवड्याभरात डोकं ठणकायला लागलं, मान वाकेना, आणि ती वाल्दिसला भलत्याच नावाने हाक मारू लागली.

"गोचिडीतून आलेला विषाणू मेंदूत शिरलाय," दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. "आता औषध नाही. लस आधी घ्यायला हवी होती."

पानगळीत ती घरी आली. डोकं ठिकाणावर होतं, पण दोन्ही हात खांद्यापासून लुळे पडले होते. ती दारात खुर्चीवर बसली होती, तेव्हा गायकवृंद अंगणात येऊन तिच्यासाठी गायला. मध्येच ताल सुटला, तसे सगळे सवयीने तिच्याकडे बघू लागले. तिचे हात हलले नाहीत.

"दार लाव रे," ती म्हणाली. "आणि सांग त्यांना, परत येऊ नका म्हणावं."

वाल्दिसने दार लावलं. बाहेर गाणं थांबलं.