आधी ऐका, मग सर्टिफिकेट

कॉलेजांतल्या परिषदा तुम्ही पाहिल्या आहेत ना? आपला पेपर वाचायचा, जेवण चापायचं, सर्टिफिकेट घ्यायचं आणि एसटी गाठायची. दुसऱ्याचं ऐकतो कोण!

हर्णेची सलोनी, इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, हे भोगून बसली होती. गेल्या वर्षी चिपळूणकडच्या परिषदेत तिनं इंग्रजी कथांतल्या कोळणींवर पेपर वाचला. तिचे उच्चार ऐकून अक्षया नावाची मुलगी फिसकन हसली आणि आपली टोळी घेऊन मधूनच निघून गेली. त्यांच्या मागोमाग बाकीचेही उठले. उरलेला पेपर सलोनीनं रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवला. तेव्हापासून ती मनात डूख धरून होती.

यंदा परिषद रत्नागिरीत, तिच्याच कॉलेजात. वेळापत्रकाचं काम तिच्याकडे आलं आणि नावांत अक्षया दिसली. आता सापडलीस! सलोनीनं तिला मुद्दाम शेवटी टाकलं आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर सर्टिफिकेटं वाटायला लावली.

डाव अचूक बसला. अक्षया वाचायला लागली आणि सभागृह भराभर रिकामं झालं. गेल्या वर्षी तिच्याबरोबर हसलेल्या मैत्रिणी तर सगळ्यांत पुढे पळाल्या. अक्षया मधेच पाणी प्यायला थांबली. सलोनीला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. बरी जिरली!

अध्यक्षस्थानी तिच्याच कॉलेजच्या खातू मॅडम होत्या; गेल्या वर्षीचा प्रकार त्यांना ठाऊक होता. त्यांनी सलोनीला जवळ बोलावलं.

"काय गो, झालं समाधान?"

"माझ्या वेळी तिनं हेच केलं, मॅडम. तिलाही कळू दे."

"तिला कळलं. पण बाहेर रांगेत उभे आहेत ते काय शिकले? ऐकलं नाही तरी कागद मिळतो! अक्षया टोळी घेऊन गेली होती, तू अख्खं सभागृह उठवलंस. उद्या तुझ्यासारखीच एखादी पोर इथे उभी राहिली तर तिचं कोण ऐकेल?"

सलोनीचा राग काही गेला नाही, पण हे तिला झोंबलं. ती ताडताड बाहेर गेली, सर्टिफिकेटांचा गठ्ठा उचलला आणि आत आणून टेबलावर आपटला. शेवटचा पेपर ऐकल्याशिवाय कुणालाही काही मिळणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. मंडळी कुरकुरत आत आली. अक्षयानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नंतर अक्षया माफी मागायला आली.

"तुला शेवटी टाकलं ते मीच," सलोनी म्हणाली. "फिटलं आपलं. माफी नको मला. पुढच्या वेळी शेवटपर्यंत बस, पेपर कुणाचाही असो."

वाचकहो, ज्यानं आपलं ऐकलं नाही त्याचं ऐकून घेणं फार जड जातं. पण कुणीतरी आधी बसून राहिल्याशिवाय ही उठून जाण्याची खोड मोडायची नाही.