यंत्रखोलीतला ठोका

केअरटेकरच्या सिंथेसायझरच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, आणि अकरा महिने त्याच्या संगीताबद्दल गटातली माणसंही जवळजवळ मुकीच होती.

गट चौघांचा. एक दंतवैद्यबाई, एक गणिताचे गुरुजी, एक विम्याचं काम करणारा गृहस्थ, ज्याला गप्प बसणं ठाऊक नसल्यामुळे सगळे पोपट म्हणत, आणि चौथा हा, सात मजली इमारतीचा केअरटेकर. चौघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं आपला तीन मिनिटांचा तुकडा फोनवर पाठवायचा, आणि बाकीच्यांनी ऐकून एक आवडलेलं नि एक खटकलेलं लिहायचं, असा त्यांचा नेम. पोटापाण्याची कामं सांभाळून जपलेला हा चौघांचा हक्काचा आनंद होता, आणि त्यात वाईट ते काय?

पण केअरटेकरच्या वाट्याला यायचं काय, तर, "नीटनेटकं आहे. माझ्या दवाखान्यात लावता येईल, पेशंटला डुलकी लागेल." हे दंतवैद्यबाईंचं. पोपट म्हणायचा, "छान. पण कालचंच वाटलं." गुरुजी सभ्य माणूस, ते फक्त "चालू ठेवा" लिहायचे. फळ्याच्या कोपऱ्यात शेरा लिहावा, तसं.

एका दुपारी तो गच्चीवरच्या यंत्रखोलीत दिवा बदलायला चढला. लिफ्ट वर येत होती. मोठं चाक फिरत होतं, दोर सरकत होते, आणि चाकाच्या पोटातून एक घुर्रर आवाज येत होता, झोपलेल्या जनावराच्या छातीतून यावा तसा. लिफ्ट थांबता थांबता त्यात एकच ठोका पडला. टक. केअरटेकर स्टुलावर तसाच उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला.

त्या गुरुवारी त्यानं तो आवाज खाली ठेवून वर मोजके सूर धरले. सात मिनिटांत उत्तर आलं. दंतवैद्यबाईंनी लिहिलं, "अंगावर काटा आला. पेशंट खुर्चीत आ करून बसलाय आणि मी परत ऐकतेय." पोपटाला पहिल्यांदाच शब्द सुचत नव्हते. गुरुजींनी विचारलं, "तो खालचा घुरघुराट कशातून काढलात?"

खरं सांगायला किती वेळ लागतो? एक ओळ. पण अकरा महिने उपाशी असलेल्या माणसापुढे ताट आलं होतं. त्यानं लिहिलं, "सिंथवरच घडवलाय. बरेच दिवस लागले."

एकदा असं खोटं बोललं की पुढचं सगळं त्याच्या मागून ओढलं जातं. पुढच्या गुरुवारी आणखी पाहिजे होतं. तो पुन्हा गच्चीवर गेला. आवाज दाट झाला होता, ठोके तीन. त्याच्या पुढच्या खेपेला सात.

महिन्याची पहिली तारीख आली आणि लिफ्टवाला मिस्त्री हातातली पिशवी हलवत दारात उभा राहिला. त्याच्याकडे चाळीस इमारतींच्या लिफ्टची देखभाल होती.

"काय मालक, आमच्या बाईसाहेब ठीक आहेत ना? काही कुरकुर?"

केअरटेकरच्या हातात चावी होती, यंत्रखोलीची. मिस्त्री वर गेला तर आवाज कानावर पडताच चाक उघडणार, ग्रीस भरणार, भाग बदलणार, आणि सगळं गप्प होणार. पेशंटला डुलकी लागेल असं गप्प.

"काही नाही हो," तो म्हणाला. "तोंडातून ब्र काढत नाही ती."

"देव भलं करो तुमचं! सगळे मालक असे असते तर माझ्या गुडघ्यांना नवं आयुष्य लाभलं असतं." तपासणीच्या कार्डावर सही घेऊन मिस्त्री हसत निघून गेला. केअरटेकरनं चावी पुन्हा खिळ्याला लावली. मनात पुढच्या गुरुवारची सुरावट आधीच सुरू झाली होती.

सहाव्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहायची. सगळी इमारत तिला अक्काच म्हणे. आईमागे तिनंच याला वाढवलं होतं. गुडघे गेले होते, त्यामुळे लिफ्ट म्हणजे तिचे पाय.

"बाब्या, तुझी लिफ्ट हल्ली दात खाते रे," ती म्हणाली. "काल पाचव्या मजल्यावर अशी कचकन हिसडली, की शेजारच्या आजींनी माझा दंड धरला. अजून वळ आहे बघ."

"जुनी झालीये अक्का."

"मीही जुनी झालेय. मी दात खाते का?"

"तुला आहेत कुठे?"

"मेल्या!" ती खळखळून हसली. तोही हसला, आणि विषय बदलला. जिना उतरताना त्याला जाणवलं, की बहिणीच्या दंडावरचा वळ त्यानं पाहिला होता, आणि पाहताना विचार आला होता तो हा की पाचव्या मजल्यावरचा हिसडा रेकॉर्ड करायचा राहून गेला.

सहाव्या आठवड्यात गुरुजींनी एक छोटा तक्ता पाठवला. "मी सवयीनं ठोके मोजले. एक, तीन, सात, बारा, एकवीस, चौतीस. ही वाढ तुम्ही मुद्दाम ठेवलीय का?"

"हो, मुद्दाम."

"मग शेवट काय योजलाय? कारण ही रेघ आता उभीच चढतेय."

पोपटानं मधेच तोंड घातलं. "शेवट म्हणजे स्फोट! एकदा सगळा भार टाका त्या आवाजावर. आत्तापर्यंत तो मोकळा फिरतोय, त्याला वजन वाहू द्या!" दंतवैद्यबाईंनी त्याखाली लिहिलं, "अगदी हेच म्हणणार होते."

वजन. केअरटेकरला ते लगेच कळलं, कारण ते फक्त त्यालाच कळण्यासारखं होतं. दर गुरुवारी चार वाजता वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गप्पांना जमत. लिफ्ट सहाव्या मजल्यावरून भरून खाली येई. भरलेली ती तेवढीच एक फेरी.

त्या गुरुवारी पावणेचारला तो यंत्रखोलीत जाऊन बसला. फोन चाकाजवळच्या कठड्यावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. उन्हात खोलीचा पत्रा तापला होता. मग त्याचं लक्ष खाली गेलं. चाकाच्या आसाखाली फरशीवर राखाडी भुकटी पडली होती, मिठासारखी बारीक. त्यानं बोट लावलं. बोट चमकलं. लोखंड होतं ते, आतलं झिजून बाहेर आलेलं.

खालून, दोरांच्या भोकातून, माणसांचे आवाज वर आले. "सरका जरा आत." "अहो, काठी माझ्या पायावर आहे." "अक्का, या, जागा आहे." सहा माणसं. दार मिटलं.

चाक फिरलं, आणि आवाज आला. असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. घुरघुराटाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि वर ठोक्यांची झड. आस जागेवरून हलताना डोळ्यांना दिसत होता. भिंतीवर लाल मुठीचा मुख्य स्विच होता, त्याच्यापासून दोन हात लांब. तो ओढला की सगळं थांबणार होतं, आणि सगळं उघडंही पडणार होतं. सहावा गेला. पाचवा गेला. अजून थोडं, त्याचं मन म्हणालं, अजून थोडं, आत्ताच तर रंगलंय. देवा, माणसाच्या कानाला किती मोठी भूक दिलीस!

चौथ्यापाशी एक दोर चाकाच्या खाचेतून उडाला. खालून कुणीतरी किंचाळलं.

त्यानं मूठ ओढली.

शांतता झाली. त्या शांततेत, कुणीही न फिरवता, चाक बोटभर पुढे सरकलं. टक.

यंत्रखोलीच्या भिंतीवरच्या फोनवरून त्यानं मिस्त्रीला गाठलं. "पंचवीस मिनिटं," मिस्त्री म्हणाला. मग हलक्या आवाजात, "मालक, मी विचारलं होतं ना तुम्हाला? हलू देऊ नका त्यांना. अजिबात."

मिस्त्रीनं फोन ठेवताच कठड्यावरच्या मोबाइलवर गटावरचा पोपटाचा प्रश्न दिसला, आजचा शेवट कुठवर आला म्हणून. केअरटेकरनं खरं ते सगळं एका दमात लिहिलं. लिफ्ट, चाक, मिस्त्री, सहा माणसं, त्यात माझी बहीण.

मग पोपट, "बाप रे. रेकॉर्डिंग चालू आहे ना पण?"

त्याच्या पाठोपाठ गुरुजी, "फोन बंद करा आणि माणसांजवळ जा."

रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यानं ते थांबवलं आणि जिना धावत उतरला. चौथ्याच्या दाराच्या फटीला तोंड लावलं. "अक्का! कुणीही हलू नका. जागचं कुणी हलू नका."

"नाही हलत," आतून अक्का म्हणाली. मग इतरांना, अगदी रोजच्या आवाजात, "चला, डोळे मिटा. नाम घ्या. माझ्या मागून." आणि सहा म्हाताऱ्या आवाजांनी हळू, एका लयीत देवाचं नाव सुरू केलं. मधेच वरून ठोका पडे, आवाज क्षणभर तुटत, पुन्हा जुळत. केअरटेकर दाराला कपाळ टेकून उभा होता. तो रडत होता, आणि रडतानाही त्याचा कान दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत होता. अंतर कमी होत होतं.

मिस्त्री आला. दोन साखळ्या, एक शिडी, आणि एकेक माणूस वर ओढलं गेलं. अक्का सर्वांत शेवटी. ती चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"मिस्त्री म्हणतो, हे एका दिवसाचं दुखणं नाही," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सात आठवडे."

"आणि आज आम्ही आत बसलो, तेव्हा तू वर काय करत होतास?"

त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही.

अक्का भिंतीला धरून उठली आणि आपल्या घराच्या दिशेनं, वरच्या दोन मजल्यांकडे, पहिली पायरी चढली. तो आधार द्यायला पुढे झाला.

"नको," ती म्हणाली. "तू मागेच राहा."

तो मागे राहिला. ती चढत गेली. एक पायरी, थांबणं, कण्हणं, दुसरी पायरी. छत्तीस पायऱ्या होत्या, आणि त्याला त्या सगळ्या ऐकू आल्या.