उताराची वरची बाजू

आमच्याकडं माणूस बायकोचं वय सांगेल, चार घोट पोटात गेले तर साहेबाची भानगडही सांगेल, पण अळंबी कुठं सापडली हे सांगायचा नाही. विचाराल तर उत्तर एकच, "जंगलात." हे खोटं कुणी पापात धरत नाही. जागा द्यायची ती पोटच्या पोराला, आणि तीसुद्धा स्वतःचे पाय चालेनासे झाले की.

म्हणून त्या सोमवारी माझी बायको क्लावा वरच्या मजल्यावरून खाली आली, गोळ्यांच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "साविचनं तुला त्याची जागा दिलीय," तेव्हा मी चहाचा पेला खाली ठेवला.

"चेष्टा करतेस?"

"चेष्टेला वेळ आहे होय माझ्याकडं? नकाशा आहे, बघ. म्हणाला, तुझ्या लुकिचला दे. शनिवारी त्याची मुलगी येतेय, कायमचा तिच्या शहरात, त्युमेनला घेऊन चाललीय त्याला. गुडघा गेलाय त्याचा. कठड्याला लोंबकळत जिना उतरतो, दिसत नाही तुला?"

दिसत होतं. जिना एकच आहे. तो चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. त्याच्या काठीचा आवाज आला की मी दाराआड थांबायचो, तो खाली गेला की मग बाहेर पडायचो. हे तिसरं वर्ष होतं.

त्याआधी एकतीस वर्षं आम्ही प्लायवूडच्या कारखान्यात एका पाळीत काढली. मी ओंडके सोलायच्या यंत्रावर, साविच दुरुस्तीला. सप्टेंबर लागला की युनियन रविवारी बस द्यायची. अख्खी बस अळंब्यांना निघायची. बायका डोक्याला रुमाल बांधून, मागच्या सीटवर कुणाचा तरी अकॉर्डियन, दुपारी शेकोटीत भाजलेले बटाटे. येताना साविचचा रोदिओन माझ्या मांडीवर झोपायचा आणि माझ्या बहिणीचा ग्लेब साविचच्या. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर आहे हे उतरतानाच कळायचं.

त्या रविवारी मिळायचं ते सगळ्यांचं. खरी जागा ज्याची त्याची वेगळी, तिथं एकट्यानं जायचं. मी बुधवारी जायचो, साविच शनिवारी. भरली टोपली घेऊन जिना चढताना तो माझ्या दाराशी मुद्दाम फडकं बाजूला करायचा. पांढऱ्या अळंब्या, एकीला कीड नाही. मी विचारायचो, "कुठं रे?" तो म्हणायचा, "जंगलात." मग महिनाभर जिन्यात वाळत्या अळंब्यांचा वास, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात दोऱ्यात ओवलेल्या माळा. आता बंद पडलेल्या कारखान्याच्या गेटवर ऑनलाइन मागवलेल्या वस्तू घ्यायची खिडकी आहे, आणि जिन्यात वास येतो तो कुणाच्या तरी मांजराचा.

भांडण माझ्यामुळं झालं, खोटं कशाला बोलू. बायको गेल्यापासून साविच नव्या वर्षाचं जेवण आमच्याकडं जेवायचा. त्या वर्षीही आला. त्या शरदात लढाईसाठी सैन्यात बोलावण्याचे कागद निघाले होते. आमचा ग्लेब लढायला गेला. रोदिओन सीमा ओलांडून कझाकस्तानात निघून गेला. त्या दिवसांत घराघरात जे होत होतं तेच आमच्याही टेबलावर झालं. साविच म्हणाला, "तू टीव्हीच्या तोंडानं बोलतोस." मी म्हणालो, "आणि तुझा पोरगा पळपुटा आहे." साविचनं काटा खाली ठेवला, टोपी घेतली आणि निघून गेला. बाराचे ठोकेसुद्धा पडले नव्हते.

यंदा वसंतात ग्लेब परत आला. एक पाय तिकडंच राहिला. खिडकीशी बसून असतो, विचारलं तर हुं म्हणतो. त्याच्याकडं बघितलं की माझा तो शब्द मलाच चावतो. पण माफी मागायला एक मजला चढावा लागतो, आणि मी पडलो प्रोखोर लुकिच. मोडेन पण वाकणार नाही, अशी माझी ख्याती. असल्या ख्यातीला काय जाळायचंय, पण आहे ती आहे.

"जा, दोन शब्द बोलून ये," क्लावा म्हणाली. "शनिवारनंतर कुणाशी बोलशील? त्याच्या कुलपाशी?"

"आधी जागा बघून येतो."

"जागा बघायचीय तुला, माणूस नाही."

मी रबरी बूट शोधायला लागलो.

खरं तर मला स्वतःची जागा होती, आणि चांगली होती. रेल्वेच्या तीनशे बाराव्या किलोमीटरच्या थांब्यावर उतरायचं, तासभर चालायचं, मग एक उतार लागतो. मध्यावर एका बुंध्यातून दोन खोडं फुटलेला बर्च. पण त्या जागेला चोर लागला होता, तीस वर्षांपासून. मी बुधवारी लहान अळंब्या शेवाळ ओढून झाकून ठेवायचो, म्हटलं आठवड्यात मोठ्या होतील. पुढच्या बुधवारी बघावं तर नुसते कापलेले देठ. क्लावाला सांगायचो, "सापडू दे एकदा, कान उपटून हातात देतो." अलीकडं चोर जरा सुधारला होता. उताराची खालची बाजूच तेवढी कापायचा, वरची तशीच सोडायचा. मला वाटलं, म्हातारा झाला असेल, चढवत नसेल. मी मात्र वरची कापायचो, खालची कापायचो, पिल्लंसुद्धा ठेवायचो नाही. चोरासाठी कशाला ठेवायचं?

बुधवारी पहिल्या गाडीनं निघालो. साविचचा नकाशा तीनशे अठराव्या किलोमीटरपासून सुरू होत होता. तिकडं मी जन्मात उतरलो नव्हतो. रूळ ओलांड, जुनी लाकूडतोड, मग दलदल, दलदलीतून फळ्यांची वाट. फळ्या कारखान्यातल्या होत्या, आमच्या. माणसानं खांद्यावरून एकेक आणून टाकल्या असणार. पुढं दाट फरची झाडं. गुडघा मोडलेल्या माणसानं ही वाट कशी तुडवली असेल, या विचारानं मला त्याची कीव यायला लागली होती. मनात म्हटलं, परत गेलो की सरळ वर जातो आणि काय ते बोलून टाकतो.

फर संपले आणि उतार आला. मध्यावर दोन खोडांचा बर्च.

मी टोपली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीस वर्षं मी इकडून येतोय, तो तिकडून येतोय, आणि चोर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतोय. माझ्याच मेजाशी बसून माझ्याच अळंब्यांचं लोणचं खाऊन गेलाय, वर "मीठ कमी आहे" म्हणालाय. कीव बिव सगळी उडाली. टोपली भरली ती रागानंच भरली, आणि दुपारच्या गाडीनं परतलो तो घरी न थांबता थेट चौथ्या मजल्यावर.

साविचनं दार उघडलं. काठी हातात, मागं बांधलेली खोकी.

"तीस वर्षं," मी म्हणालो. "तीस वर्षं माझ्या अळंब्या चोरतोयस."

त्यानं माझ्या टोपलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बोलायला लागलास म्हणायचा. आत ये. उंबऱ्यावरून भांडू नये."

मी आत गेलो. तो लंगडत कपाटापाशी गेला, खणातून एक सुरी काढून मेजावर ठेवली. मुठीला निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. माझी सुरी. गाडीत पडली असं मी क्लावाला सांगितलं होतं.

"चार वर्षांपूर्वी सापडली," साविच म्हणाला. "बर्चच्या मुळाशी. निळी टेप दिसली आणि ओळखलीच. म्हटलं, ज्या चोराला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो रोज सकाळी माझ्याकडं मीठ मागायला येतो."

"मग तेव्हाच दिली का नाहीस?"

"दिली असती तर तुला कळलं असतं की मला कळलंय. मग दोघांनीही ती जागा सोडली असती, लाजेनं. या वयात नवी जागा कुठं शोधणार?"

मला हसू यायला लागलं होतं, पण एक गोष्ट आत टोचत होती. "आणि वरची बाजू?"

"वरची तुला ठेवत होतो. तिथं ऊन येतं, कीड कमी लागते. पण तू कसला अधाशी रे. शनिवारी जाऊन बघावं तर वरचीही साफ, खालचीही साफ. पिल्लं तरी ठेवायचीस."

"भांडण झालं, त्यानंतरही ठेवत होतास?"

"भांडण जिन्यात होतं," तो म्हणाला. "जंगलात कुठं होतं?"

मी खोक्यावर बसलो. त्याच्याकडं बघवेना. तीन वर्षं मी या माणसाच्या काठीचा आवाज ऐकून दाराआड लपत होतो, आणि तो दुखऱ्या गुडघ्यानं दलदल ओलांडून माझा वाटा राखत होता.

"जागा रोद्याची आहे," साविच म्हणाला. "पण तो येत नाही, येऊ शकत नाही. येईल तेव्हा मी असेन की नाही कुणास ठाऊक. तू असशील. तू चिवट आहेस."

"साविच, त्या दिवशी मी जे बोललो—"

"ते मला कशाला सांगतोस? शिवी त्याला दिलीस, त्याला सांग." आणि त्यानं फोन उचलून नंबर लावलाही, आणि फोन माझ्या हातात दिला. आमच्याकडं मोबाईलचं इंटरनेट त्या आठवड्यात बंदच होतं, म्हणून चेहरा दिसायचा प्रश्न नव्हता. त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

"बाबा?"

"बाबा नाही. प्रोखोरकाका बोलतोय." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "रोद्या, मी तुला तुझ्यामागं एक शब्द बोललो होतो. तो परत घ्यायला फोन केलाय."

"कुठला शब्द, काका?"

मी साविचकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्यानं पोराला सांगितलंच नव्हतं. "काही नाही" म्हणून सुटता आलं असतं मला. पण परत घ्यायचा शब्द आधी उच्चारावा लागतो. मी उच्चारला. आणि म्हणालो, "माझं चुकलं, पोरा."

मग त्यानं विचारलं, "ग्लेब कसा आहे?"

"घरी आहे. पाय गेलाय एक."

"त्याला माझा नमस्कार सांगाल?"

"सांगतो." मी नाक पुसलं. "हे बघ, तुझ्या बाबांची जागा माझ्याकडं आलीय. तुला सांगू शकत नाही, फोनवर जागा सांगत नसतात. पण उताराची खालची बाजू तुझी. मी हात लावणार नाही. आलास की घेऊन जाईन."

"कधी येईन माहीत नाही, काका."

"अळंब्या दरवर्षी येतात," मी म्हणालो.

शनिवारी साविचची मुलगी आली. निघायच्या आधी रिवाजाप्रमाणं सगळे जण मिनिटभर गप्प बसलो, मी, क्लावा, ती आणि तो, आपापल्या खोक्यावर. मग साविच उठला आणि मला म्हणाला, "मीठ जास्त घालत जा." मी त्याची बॅग खाली नेली. टॅक्सी वळली तरी मी तिथंच उभा होतो आणि रडत होतो, क्लावासमोर.

संध्याकाळी बहिणीच्या घरी जाऊन ग्लेबला रोद्याचा नमस्कार सांगितला. त्यानं खिडकीवरून नजर काढून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "त्याचा नंबर आहे का?" मी लिहून दिला.

काल बुधवार होता. तीनशे अठराव्यावर उतरून साविचच्या फळ्यांवरून गेलो. उताराच्या वरच्या बाजूच्या कापल्या, टोपली अर्धीच भरली. खाली सात होत्या, जाडजूड, आणि दोन पिल्लं. पिल्लांवर शेवाळ ओढलं. त्या सात यंदा तशाच कुजतील, कीड खाईल. खाऊ दे. त्या माझ्या नाहीत.