पंप धुतल्यानं काय होतंय

माझ्या सासूबाई लोणचं मुरवायच्या, मी राग मुरवते. संभाजीभावजींवरचा तर वर्षभर मुरवला.

भावजी म्हणजे माझे चुलत दीर. डाळजला आमची शेतं बांधाला बांध लावून आहेत आणि पाण्याची चारी एकच. ती आधी त्यांच्या वांग्यातून जाते, मग माझ्या शेततळ्यात पडते. तळ्यात मी कटला आणि रोहू मासे सोडले होते. खाद्य विकतचं नाही; तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. तळ्याचं हिरवं पाणी माझ्या वांग्यांना, आणि कीड दिसली की कडुनिंब, रुई, सीताफळाचा पाला गोमूत्रात कुजवून केलेला अर्क. वास असा की पाव्हणा चहा न पिता उठावा, पण वांगी निर्मळ. माझं बघून बचत गटातल्या बारा बायकांनी दारात अर्काचे ड्रम मांडले होते.

गेल्या वर्षी भावजींनी विषारी औषध फवारलं आणि पंप चारीत खळखळून धुतला. मी या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे मासे वर येऊन आ वासत होते, भावजी बांधावरून बघत होते, आणि दुपारपर्यंत तळंभर पांढरी पोटं तरंगत होती. पाटी पाटी भरून मी ते पुरले.

पारावर जाब विचारला तर भावजी हसले.

"मी पंप धुतलाच न्हाय. आन धुतला तरी पंप धुतल्यानं काय व्हतंय? तुझ्या त्या सडक्या अर्कानंच मेलं ते."

सगळा पार हसला. गटाच्या अध्यक्ष ठमाबाईंनी त्याच दिवशी अर्काचा ड्रम उकिरड्यावर ओतला. बाकीच्या अकरा जणींनीही ओतला. मासे काय, परत सोडता येतात. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला गिळवेना.

पुढं भावजींनीच तळं खणलं. पाणी मात्र बोअरचं घेतलं, चारीचं नाही. शहाणा माणूस! मासे सोडले आणि रोजचं काम बायकोच्या, म्हणजे माझ्या जावेच्या गळ्यात घातलं. राजेश्वरी बिचारी विचारायला माझ्याकडेच आली.

"रोज एकाच कोपऱ्यात जात जा," मी तिला सांगितलं. "आधी बादलीभर पाणी वरनं वत. त्या आवाजानं ती गोळा व्हत्यात. मग पेंड टाक."

शिकवता शिकवताच माझ्या डोक्यात किडा वळवळला. खोटं कशाला बोलू?

पहिलं जाळं टाकायच्या दिवशी भावजींनी नारळ फोडायला अख्खा पार बोलावला. ठमाबाई होत्या, गटातल्या बायका होत्या. जाळं पडणार म्हणून राजेश्वरीनं आदल्या दिवसापासून मासे उपाशी ठेवले होते. मी पाठीवर भरलेला पंप आणि हातात भावजींच्याच औषधाची बाटली घेऊन गेले.

"पंप कशाला आणलास गं?" भावजींनी विचारलं.

"वांगी फवारून आले. तुमचंच औषध. म्हटलं हितंच धुवावा."

"हितं नको!"

"का वो? पंप धुतल्यानं काय व्हतंय?"

मी झाकण काढलं आणि त्याच कोपऱ्यात पंप पालथा केला.

पाणी हललं. एक तोंड वर आलं, मग दहा, मग कोपरा भरून आ वासलेली तोंडं. या माणसानं आपल्या माशांना कधी मूठभर पेंड घातली नव्हती. मासे असे वर आलेले त्यांनी एकदाच पाहिले होते, माझ्या तळ्यात.

"मेलं! समदं मेलं!" भावजी बांधावर मटकन बसले. "अगं, एका पंपाच्या धुवणानं तुझं तळं गेलं, हे ठाव असून तू..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"कुणाच्या पंपाच्या, संभाजीराव?" ठमाबाईंनी विचारलं.

भावजींनी मान खाली घातली. "माझ्या."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! राजेश्वरी पदराआड हसत होती. मी तिला म्हटलं, "टाक गं पेंड, भुकेजलीत ती." तिनं मूठ सोडली आणि पाणी उकळी फुटल्यागत उसळलं.

"पंपात हिरीचं पाणी व्हतं, भावजी. बाटली तुमच्या बांधावरनं उचललीय, रिकामी. माशांनी माझं काय वाकडं केलंय?"

ठमाबाई जवळ आल्या. "चुकलं बाई आमचं. अर्क हाय का गं?"

"हाय की. बारा घरांना पुरंल इतका हाय. पण पोचवतील भावजी, डोक्यावर घिऊन."

सगळा पार हसला. यावेळी मीही हसले.

भावजी दारोदार गेले. पहिल्याच घरापाशी घागर हिंदकळली आणि मानेवरून ओघळ शर्टात उतरला. बारा दारं झाल्यावर ते नाक मुरडत घरी निघाले. तेरावी घागर त्यांच्या उंबऱ्यावर होती. ती मी स्वतः नेऊन ठेवली होती, त्यांच्या वांग्यांसाठी, काठोकाठ भरून.