हिचा खांदा दुखतो

दुकानाचा उंबरठा ओलांडायच्या आतच यांनी खोटं बोलायला सुरुवात केली.

"हिचा खांदा गेलाय हो," हे दुकानातल्या बाईला म्हणाले. "म्हणून लाकूड कापायचं मशीन बघायला आलोय. नाहीतर आमची हातकरवत काय वाईट होती?"

माझा खांदा ठणठणीत आहे. पिठाचं भरलेलं पोतं मी अजून एकटी ओढत नेते. पण घरातून निघताना यांनी मला दम भरला होता की दुकानात तोंड उघडायचं नाही, आणि मीही शहाणी, हो म्हणून बसले होते. तेव्हा मी खांद्यावर हात ठेवला आणि चेहरा जमेल तेवढा दुखरा केला.

खरं दुखणं यांच्या डाव्या हातात होतं. म्हणजे दुखत नव्हतं, तीच तर पंचाईत. आमची छोटी बेकरी आहे, लाकडाच्या भट्टीची, दोघांनीच चालवलेली. चार महिन्यांपूर्वी ट्रे बाहेर काढताना यांचा अंगठा तापलेल्या पत्र्याला टेकला आणि टेकलेलाच राहिला. वास मला आला, यांना पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा यांनी हात काढला आणि अंगठ्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसं बघितलं. "लागलं नाही गं," म्हणाले. संध्याकाळपर्यंत टपोरा फोड आला. तेव्हापासून तो अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुकी झाली आहेत. डॉक्टरचं नाव काढलं की हे उठून भट्टीत लाकडं सारायला जातात. हाताचं लोकांना कळलं तर म्हणतील, म्हातारा संपला. यांना धास्ती होती ती एवढीच. माझी धास्ती साधी होती. ज्या हाताला चटका कळत नाही, त्याला पकड सुटलेली तरी कशी कळणार?

लाकूड आम्ही दोघं मिळून कापायचो, एकतीस वर्षं. लांब करवत, दोन टोकांना दोन मुठी. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये ओंडका. तिचा नियम असा की प्रत्येकाने फक्त ओढायचं, ढकलायचं कोणीच नाही. करवत अडली की ज्याला आधी कळेल त्याने म्हणायचं, "सोड." ते ऐकलं की दोघांनी हात ढिले करायचे, कारण विचारायचं नाही. नवी नवरी असताना मी म्हणायचे, "अहो, सोडा ना." सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात झापलं. "करवतीवर अहो-जाहो नको गं बाई. तुझं अहो संपेपर्यंत पातं वाकतं." तेव्हापासून नवऱ्याला अरे-तुरे करायची मुभा मला जगात त्या एकाच ठिकाणी आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडते.

गेल्या महिन्यात मात्र यांच्या हातून मूठ तीनदा निसटली. तिसऱ्यांदा मी तोल जाऊन भुशात बसले. हे हसले, मीही हसले, आणि त्या रात्री दोघंही नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी यांनी जाहीर केलं की आता मशीन घ्यायचं, कारण हिचा खांदा दुखतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर आकड्यांना मशीनं टांगलेली, टेबलावर कानशी आणि साखळ्यांची वेटोळी, सगळीकडे तेलाचा वास. बाई चाळिशीची असेल. केस कापलेले, हात कोपरापर्यंत काळे. यांनी तिला लगेच ताई करून टाकलं.

"काय कापता काका?" ताईने विचारलं. "किती जाड? रोज, की आठवड्यातून एकदा?"

"ते वरचं काढा," हे म्हणाले.

"ते झाडं पाडणाऱ्या लोकांचं आहे. धरून बघाल तर कळेल. भट्टीच्या लाकडाला लहान पुरेल."

"घ्यायचंच तर दांडगं घ्यावं. पुन्हा पुन्हा का कोणी घेतं?"

"मोठं मशीन भराभर कापतं, हे खरं आहे," ताई म्हणाली. "पण ते लाकूड आणि पाय यांत फरक करत नाही."

हे मोठ्याने हसले. मला मुळीच हसू आलं नाही. शेवटी घासाघीस होऊन मधल्या आकाराचं मशीन खाली उतरलं. लाल रंगाचं, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी सोळा इंची. यांनी ते उचललं तेव्हा सगळं वजन उजव्या हातावर घेतलं आणि डावा नुसता शोभेला ठेवला. मी ते बघितलं. ताईने बघितलं की नाही, मला कळलं नाही.

"मागच्या अंगणात एक ओंडका कापून बघा," ती म्हणाली. "चालवून बघितल्याशिवाय मी पहिलं मशीन कोणालाच विकत नाही."

मला वाटलं होतं आम्ही पैसे देऊ, घरी जाऊ, आणि मग मी बघून घेईन. कुलूप लावून ठेवीन, काहीतरी करीन. आत्ता, इथे, माझ्या डोळ्यांदेखत हे मशीन चालू होणार असं माझ्या मनातही आलं नव्हतं. 

अंगणात लाकूड ठेवायची घोडी होती आणि तिच्यावर मांडीएवढा ओंडका, एक टोक बाहेर काढून ठेवलेला. ताईने यांना चष्मा दिला, कानांवर लावायच्या जाड वाट्या दिल्या, आणि पायांवर बांधायला एक जाडजूड कापडी कवच काढलं.

"लाकूड कापायचंय ताई, लढाईला नाही जायचंय," हे म्हणाले.

"बांधायचं नसेल तर आपण आत जाऊन चहा घेऊ."

यांनी पुटपुटत ते बांधलं. मग ताईने पकड शिकवली. उजवा हात मागे, खटक्यावर. डावा पुढच्या दांड्यावर, बोटं वरून आणि अंगठा खालून, पूर्ण वेढा घालून. "सगळा खेळ या अंगठ्याचा आहे," ती म्हणाली. "हा सुटला तर मशीन तुमचं राहत नाही, ते त्याला हवं तिकडे जातं."

यांनी उजव्या हाताने डावा अंगठा उचलून दांड्याखाली बसवला, लहान मुलाचा पाय बुटात बसवावा तसा. तो घसरला. पुन्हा बसवला. "तुमचा दांडाच जरा जाड आहे," हे म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

ताई थांबली. "काका, हात बरा आहे ना?"

"थंडीने आखडलाय."

मग तिने माझ्याकडे बघितलं. सरळ, दोन-तीन क्षण. ती नजरेनेच मला विचारत होती, आणि हे माझ्याकडे बघत होते, आणि यांच्या डोळ्यांत एवढी गयावया होती की तेवढी मी लग्नात हुंडा मागू नका म्हणून हात जोडणाऱ्या माझ्या वडिलांच्या डोळ्यांतही बघितली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी खांदा चोळत जमिनीकडे बघितलं. त्या क्षणाची मला आजही चीड येते. यांची नाही, माझी.

"काकू, तुम्ही त्या भिंतीपाशी थांबा," ताई म्हणाली.

तिने मशीन जमिनीवर ठेवून, पायाने दाबून, दोरी ओढून चालू करून दिलं. आवाजाने माझ्या दातांना मुंग्या आल्या. यांनी ते उचललं, पट्टी ओंडक्यावर टेकवली आणि खटका दाबला. भुसा उडायला लागला. एवढा भुसा काढायला आम्हाला पाव तास लागला असता. यांच्या चेहऱ्यावर पोरकट आनंद पसरला, आणि मी भिंतीपाशी उभी राहून मनात म्हणत होते, संपू दे, एवढा एक काप संपू दे.

मी भिंत कधी सोडली ते मला सांगता येणार नाही. कापायला सुरुवात झाली की माझे पाय आपोआप आपल्या जागेवर जातात. ओंडक्याच्या पलीकडे, यांच्या समोर. एकतीस वर्षांत मी दुसरीकडे कुठे उभीच राहिले नव्हते. ताईचं लक्ष यांच्या हातांवर होतं, आणि मी सरळ जाऊन समोर उभी राहिले.

तिथून मला अंगठा दिसला. तो दांड्याखाली नव्हता. वर आला होता, बोटांच्या शेजारी सैल पडला होता, आणि यांना ते ठाऊक नव्हतं. हे हसत होते. काप तळाशी आला होता, तुकडा आता पडणार होता. माझ्या तोंडून तोच शब्द निघाला जो अशा वेळी एकतीस वर्षं निघत आलाय.

"सोड!"

कानांवर वाट्या होत्या, यांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण यांनी माझे ओठ बघितले, आणि हात ढिले केले. विचार न करता, कारण न विचारता, शिकवल्याप्रमाणे.

डावा हात उघडला. त्याच वेळी तुकडा खाली पडला आणि मशीनचं सगळं वजन उजव्या हातावर आलं. ते सावरायला उजवी मूठ आवळली गेली, आणि खटका त्याच मुठीत होता. मशीन किंचाळलं आणि गर्रकन फिरून यांच्या डाव्या पायावर आलं.

मग एकदम शांत झालं. कवचातले पांढरे धागे साखळीत गच्च गुंडाळले जाऊन ती अडली होती. कवच गुडघ्याच्या वर वीतभर फाटलं होतं आणि त्यातून कापसासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. ताईने मशीन यांच्या हातातून काढून घेतलं, खाली ठेवलं आणि गुडघे टेकून फाटक्या कापडात बोटं घातली. मी रक्ताची वाट बघत होते.

"पँट कापलीय," ती म्हणाली. "पाय नाही."

मी खाली पडलेल्या तुकड्यावर बसले. यांनी कानांवरच्या वाट्या काढल्या. ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही समोर काय करत होतात?"

"ती माझी जागा आहे," मी म्हणाले, आणि म्हणताना मला कळलं की मी काय केलं होतं. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसले, आणि गप्प बसायला हवं होतं तेव्हा बोलले.

"तिला काही बोलू नका," हे म्हणाले.  "तिचा दोष नाही. हा हात बघा." यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर. "अंगठा आणि ही दोन. चार महिने झाले. टाचणी टोचली तरी कळत नाही. मी टोचून बघितलीय."

टाचणीचं मला माहीत नव्हतं. कधी बघितली असेल टोचून? मी गल्ल्यावर असताना, मागच्या खोलीत एकटं बसून? मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

ताईने तो हात हातात घेतला, बोटं एकेक दाबून बघितली. "काका, या हाताला मी मशीन देणार नाही. लहानही नाही."

"नकाच देऊ," हे म्हणाले. "हिच्यासाठी दाखवा."

"काकूंचा तर खांदा..."

"तिला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो."

"अहो, निदान मला विचारा तरी," मी म्हणाले. "मी काय पोतं आहे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवायला?"

हे माझ्याकडे वळले. फाटक्या कवचातून धागे लोंबत होते आणि चेहरा पिठासारखा झाला होता. "विचारतो," म्हणाले. "चालवशील का? मला आता जमणार नाही गं."

एवढं वाक्य ऐकायला मी चार महिने भांडले होते. ऐकलं, आणि वाटलं, नसतं ऐकलं तर बरं झालं असतं.

ताई आत जाऊन सगळ्यात लहान मशीन घेऊन आली, आणि नवं कवच. तिने ते माझ्या पायांवर स्वतः बांधलं. माझा अंगठा दांड्याखाली गेला आणि घट्ट बसला. पकड माझी होती आणि मला ती बोटाबोटात जाणवत होती. मला त्याची लाज वाटली.

"मी कुठे उभा राहू?" यांनी विचारलं.

"लांब," ताई म्हणाली. "मशीन चालू असताना कोणीच जवळ यायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. कधीच नाही."

हे दोन पावलं मागे गेले. ताईने मान हलवली. आणखी चार पावलं गेले. तिने पुन्हा मान हलवली.

मी कानांवर वाट्या लावल्या आणि जग बंद झालं. पट्टी ओंडक्यावर टेकवली, खटका दाबला. भुसा माझ्या पायांवर पडू लागला. मशीन हलकं होतं आणि लाकूड लोण्यासारखं कापलं जात होतं, मला दुसऱ्या कोणाची काही गरज नव्हती. तुकडा पडला. मी खटका सोडला आणि सवयीने मान वर केली. समोर कोणी नव्हतं. हे पार त्या भिंतीला टेकून उभे होते आणि यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते एवढ्या लांबून मला काही केल्या कळेना.