चार सेंटिमीटर जास्त

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. अंगानं पिवळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, पोटावर इंच आणि पाठीवर सेंटिमीटर. कारखान्यातून निघाले ती बाराजणींच्या पुड्यात बांधलेली, आणि सुई-दोऱ्याच्या दुकानातून ताईंनी मला उचललं ते त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं तेव्हा. पुढची अकरा वर्षं माझा मुक्काम त्यांच्या गळ्यात.

त्या खोलीत मी माणसं पुरती ओळखली. कंबरेला मी टेकले रे टेकले की पुरुष पोट आत ओढतात. बायका म्हणतात, "मागचंच माप धरा ना," आणि मागचं माप असतं चार वर्षांपूर्वीचं. ताई हसून सांगायच्या, "श्वास सोडा काका, पँट घातल्यावर सोडावाच लागेल!" मी मात्र खरं तेच सांगायचे. निदान माझा तसा समज होता.

खरी गोष्ट अशी की रोज ताण खाऊन मी लांबत चालले होते. केसभर आज, केसभर उद्या. कुणाला पत्ता लागला नाही, कारण अंगाचं माप मीच घ्यायचे आणि कापडही मीच मोजायचे. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे कपडा अगदी अंगाबरोबर बसायचा. ताईंच्या हाताची तारीफ व्हायची आणि मी त्यातली निम्मी तारीफ स्वतःकडे ओढून घ्यायचे.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. ताईंकडे उरलं ते चेन बदलणं आणि पँटी आखूड करणं. ताईंचे मिस्टर वायरिंगची कामं करायचे, त्यांचंही आज काम तर उद्या सुट्टी. अशात परदेशातल्या एका वर्कशॉपला पडदे शिवणारी माणसं हवी आहेत असं कळलं. तीन महिने ट्रायल, पसंत पडलात तर कायमचं पत्र. ते पत्र मिळालं की नवऱ्याला आणि मुलीला तिथे नेता येणार होतं, नाही मिळालं तर आल्या वाटेनं परत.

"तू जा," मिस्टर म्हणाले. "भिंगरीला मी सांभाळतो." भिंगरी म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक. जागेवर बसायचं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

बॅग भरताना मिस्टरांनी मला बाजूला काढलं. "अगं, तिथे काय टेपा मिळत नाहीत?"

"मिळतात हो. पण माझा हात हिच्यावर बसलाय. राहू दे."

मी गेले. बॅगेत, मोज्यांच्या शेजारी.

नवं वर्कशॉप बघून मी गारच झाले. खोलीएवढी लांब टेबलं, सावली न पाडणारे दिवे, पाठीला टेकण असलेल्या खुर्च्या. जेवणाच्या सुट्टीत कुणी हाकही मारायचं नाही, आणि पाच वाजले की दिवे बंद. पहिल्या आठवड्यात ताईंना कळेचना की उरलेल्या संध्याकाळचं करायचं काय. मग त्या चालायला जाऊ लागल्या. पायांची सूज उतरली. फोनवर त्या मिस्टरांना म्हणाल्या, "अहो, इथे बसून शिवतात आणि वेळेवर घरी जातात. मला लाजच वाटते बघा!"

तिथे सगळं सेंटिमीटरमध्ये. माझी पाठ अकरा वर्षांत पहिल्यांदाच कामाला आली.

ट्रायलचा शेवटचा आठवडा उजाडला. एका हॉटेलचे चोवीस पडदे ताईंकडे आले, पहिल्यांदाच बेतण्यापासून शिवण्यापर्यंत; तोवर त्या कापून आलेलंच शिवायच्या. खिडक्यांची मापं पडदे बसवणाऱ्यानं स्वतःच्या टेपनं घेऊन कागदावर लिहून दिली होती, उंची दोनशे चाळीस. ताईंनी मला टेबलावर टाकलं, कापड कापलं, शिवलं. तिसऱ्या दिवशी तो बसवणारा लालबुंद होऊन परत आला. "जमिनीवर लोळतायत! सगळे!"

ताईंनी एक पडदा पसरून मला लावलं. मी सांगितलं, दोनशे चाळीस. "माझं बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "माप घेतानाच चुकलं असणार."

वर्कशॉपच्या मालकीणबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. बसवणारा नवाच होता, त्यालाही कायम व्हायचं होतं. "उद्या ठरवू," एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी कुणी नव्हतं. ताईंनी भिंतीवरची मीटरभर लोखंडी पट्टी काढली आणि मला तिच्या शेजारी झोपवलं. पट्टी संपली तिथे माझे शंभर झालेच नव्हते. जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर पुढे जाऊन झाले. ताईंनी पुन्हा लावून बघितलं, तेवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं गळ्यात मिरवले आणि ऐन वेळी दगा दिला तो मीच.

गप्प बसल्या असत्या तर बसवणाऱ्याच्या माथी गेलं असतं. तो विचार त्यांच्या मनात आला, हे मी खात्रीनं सांगते, कारण त्यांनी मला मुठीत घट्ट आवळून धरलं होतं. मग त्या तडक मालकीणबाईंच्या टेबलापाशी गेल्या.

"त्याचं नाही चुकलं. माझी टेप लांबलीय. मी बघितलंच नाही कधी." परक्या भाषेतलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं.

मालकीणबाईंनी पडदे आणवले आणि स्वतःच्या टेपनं एकेक मोजला. चार सेंटिमीटर जास्त. दुसराही चार. दहावाही चार. चोविसावाही नेमका चारच, ना सूतभर कमी ना सूतभर जास्त. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"इतका सारखा हात मी फार थोड्यांचा बघितलाय," त्या म्हणाल्या. "टेप काय, नवी घेता येते."

ताईंनी दोन दिवसांत चोवीस पडद्यांच्या खालच्या पट्ट्या उसवून पुन्हा शिवल्या. शुक्रवारी कायमचं पत्र हातात पडलं. त्या रडल्या, मग हसल्या, मग फोन लावला आणि पलीकडून भिंगरीच्या किंकाळ्या ऐकू आल्या.

वर्कशॉपनं ताईंना नवी टेप दिली. मी ताईंच्या तिथल्या खोलीत खिळ्यावर आले. आपलं संपलं, असं मला वाटलं.

कागदपत्रांत आणखी पाच महिने गेले. मग एका दुपारी दोघं आली. मिस्टर बॅगा ठेवतात न ठेवतात तोच ताईंनी भिंगरीला भिंतीशी उभं केलं. हात नव्या टेपकडे गेला, थबकला, आणि त्यांनी खिळ्यावरून मला काढलं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला माझ्यावरच मोजलं होतं, पंचेचाळीस इंच. आता मी सांगितलं, साडेशेहेचाळीस.

"दीड इंच वाढली हो," ताई म्हणाल्या. "माझ्या नजरेआड." मला तिच्या डोक्यापाशी तसंच धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

आता इथलं घर हेच. मिस्टरांना कायमचं काम लागलंय, संध्याकाळी तिघं फिरायला जातात. दर महिन्याच्या एक तारखेला भिंगरी माझ्यापुढे उभी राहते आणि टाचा उचलायचा प्रयत्न करून ओरडा खाते.

तुमच्याही घरी एखादी म्हातारी टेप असेल. तिच्यावर कापड बेतू नका, त्यासाठी नवी आणा. पण तिला फेकूही नका. आपलं लेकरू आपल्यामागे किती वाढलं, हे तिच्याशिवाय कुणाला विचाराल?